भेटीच्या शिक्क्याची कबुली

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की बहुधा थोरवीपासून सुरुवात करतात. माझ्यापाशी थोरवी फारशी नाही. मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ लाकडाची आहे, तळाला रबर आहे आणि त्या रबरावर दोनच शब्द कोरलेले आहेत : ‘सप्रेम भेट’. त्यांच्याभोवती एक गोल आणि गोलाच्या माथ्यावर सरकारी चिन्ह. आता रबराला भेगा गेल्या आहेत आणि मुठीवरचं पॉलिश कधीच उडालं आहे.

ही गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, याची मला खात्री नाही. माझे स्वतःचे असे दोनच शब्द. बाकीचे सगळे मी टेबलावर बसून, इतरांचं ऐकून शिकलो. पण एक गोष्ट मनात कित्येक वर्षं सलते आहे, आणि ती कुणाला तरी सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. कारागिराने रबर उलट्या अक्षरांत कोरलं, फुंकर मारून भुगा उडवला आणि मी नीट उमटतो का हे बघायला पहिला ठसा स्वतःच्या मनगटावर उमटवला. त्याची बायको म्हणाली, “आता तुम्हीच कुणाला तरी भेट जायचे.” तो म्हणाला, “मला कोण घेतंय?” दोघंही हसली. मलाही फार बरं वाटलं. माणसांना हसवणारे शब्द आपल्या वाट्याला आले, असं वाटलं.

तिथून मी एका सरकारी कचेरीत आलो. तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. दारावर ‘परदेश सांस्कृतिक संबंध’ अशी पाटी होती. आपल्या देशाची गाणी, पुस्तकं, चित्रं, कापड, खेळणी परदेशात पाठवायची, तिथल्या लोकांच्या मनात आपल्याविषयी आपुलकी निर्माण करायची आणि त्या आपुलकीच्या वाटेने देशाची कामं करून घ्यायची, असं त्या कचेरीचं धोरण होतं. तिथले मोठे साहेब ते फार छान समजावून सांगत. “फौज दारात उभी राहिली की लोक दार लावून घेतात,” ते म्हणत, “आणि गाणं आलं की खिडकीसुद्धा उघडतात. आपण खिडकीतून जायचं.” साहेब मनापासून बोलत. त्यांची टिंगल करण्याचा माझा हेतू नाही. दूरदूरच्या शाळांतून मुलांची पत्रं येत, ती वाचून टायपिस्टबाईंचे डोळे भरून येत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

टेबलावर लोखंडी स्टँडला आम्ही दोघं शेजारी टांगलेले असू. मी ‘सप्रेम भेट’, आणि माझा शेजारी ‘परतीच्या बोलीवर’. जी वस्तू कायमची द्यायची, तिच्या कागदावर मी. जी प्रदर्शनापुरती न्यायची आणि मालकाला परत आणून द्यायची, तिच्या कागदावर तो. एवढाच आमच्यात फरक. पण मित्रांनो, तो किती मोठा फरक आहे, हे मला फार उशिरा कळलं.

आम्हाला वापरणारे हेडक्लार्क होते. त्यांना सगळे मागून ‘दोनदा’ म्हणत, कारण ते प्रत्येक गोष्ट दोनदा बघत. कुलूप लावलं की चार पायऱ्या उतरून परत वर येत आणि ओढून बघत. टायपिस्टबाई विचारत, “भाऊसाहेब, लग्नातसुद्धा माळ दोनदा घातली होती का?” तर ते गंभीरपणे म्हणत, “नाही हो. पण नाव दोनदा विचारून घेतलं होतं.”

त्यांची शिक्के मारण्याची एक ठरलेली रीत होती. सकाळी फक्त भेटीचे कागद. ते संपले की ते मला पुसत, स्टँडला परत टांगत, हात साबणाने धूत आणि चहा पीत. चहानंतर माझा शेजारी स्टँडवरून खाली येई आणि परतीचे कागद होत. त्यामुळे मी आणि तो एकाच वेळी कधी कामाला नसू. मध्ये चहाचा कप असे. वीस वर्षं त्या कपाने आमची गल्लत होऊ दिली नाही.

असं असताना मला गर्व झाला, तो असा. एकदा मोठे साहेब टेबलाशी थांबले, एक कागद उजेडात धरला आणि म्हणाले, “वा! ठसा असावा तर असा. परदेशी माणसाला आपला पहिला नमस्कार हाच दिसतो.” त्या दिवसापासून मी अंग चोरणं सोडलं. पूर्वी मी कधी एका कडेने पुसट उमटत असे, कधी थोडा सरकत असे. पुसट ठसा दिसला की आमचे दोनदा चष्मा पुसून पुन्हा बघत, कागद वाचत आणि मग दुसरा ठसा मारत. साहेबांच्या कौतुकानंतर मात्र मी प्रत्येक कागदावर काठोकाठ उमटू लागलो.

त्या सुमारास समुद्रापलीकडच्या एका देशाशी मैत्रीचा मोठा करार व्हायचा होता. त्यांच्या बंदरात आपल्या जहाजांना जागा हवी होती. साहेबांनी ठरवलं की आधी तिथे प्रदर्शन न्यायचं. देशभरातून वस्तू गोळा झाल्या. त्यांत एक बाहुला होता. त्याचं नाव नाकाड्या.

नाकाड्या एका बाहुलीवाल्या मावशींचा. मावशी आणि त्यांचा नवरा बाहुल्यांचे खेळ करत. नवरा वारला, मावशी एकट्या करू लागल्या. त्यांच्याकडे बारा बाहुल्या होत्या, पण पडदा उघडून मुलांशी आधी बोलायचा तो नाकाड्याच. राजा रुसला की त्याला समजवायला नाकाड्या, चोर पळाला की आडवा यायला नाकाड्या. त्याच्यावाचून त्यांचा खेळ सुरूच होत नसे. म्हणून त्या त्याला द्यायला तयार नव्हत्या. शेवटी आमचे दोनदा स्वतः त्यांच्या घरी गेले आणि त्यांना कचेरीत घेऊन आले.

“तीन महिने,” मावशी म्हणाल्या. “सुट्ट्या लागायच्या आत मला तो पाहिजे. शाळांना शब्द दिलाय मी.”

“तीन म्हणजे तीनच, मावशी. मी स्वतः दोनदा बघतो.”

“आणि ही फुली नाही देणार हं.” दोऱ्या ज्या लाकडी फुलीला बांधतात ती त्यांनी पिशवीतून काढून दाखवली. “ह्यांच्या बोटांच्या खाचा पडल्यात तिच्यात. तुम्हाला तर नुसता टांगूनच ठेवायचाय ना त्याला?”

“नुसता टांगूनच. फुली तुम्ही ठेवा.”

मावशींनी सही केली. लिहायला त्या मोठेपणी शिकल्या होत्या. पेन असं काही दाबून धरलं की कागदाच्या मागे अक्षरं उठून आली. जाताना नाकाड्याच्या नाकावरची धूळ त्यांनी पदराने पुसली आणि म्हणाल्या, “शहाण्यासारखा राहा. कुणाला चिडवू नकोस.”

जहाज शुक्रवारी सुटायचं होतं. मंगळवारी सकाळी निरोप आला की ते आज दुपारीच सुटणार. कचेरीत एकच धावपळ उडाली. एकशे बारा कागद, प्रत्येकाच्या तीन प्रती. भेटीचे आणि परतीचे कागद एकाच टोपलीत आले. दोनदांनी आम्हा दोघांनाही टेबलावर काढलं. टायपिस्टबाई चहा घेऊन आल्या, तर ते मान वर न करता म्हणाले, “आज चहा नको.”

मित्रांनो, वीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या मधला तो कप आला नाही.

पुस्तकांच्या भेटीच्या कागदामागून नाकाड्याचा कागद आला. दोनदांचा हात भरभर चालला होता. डोळे घड्याळाकडे होते. मी हवेत उचलला गेलो आणि खाली आलो. कागदाला टेकता क्षणी मला कळलं. भेटीचे कागद छापील, गुळगुळीत असत. त्यांवर मालकाची सही नसे. आणि इथे माझ्या रबराखाली ती दाबून लिहिलेली अक्षरं लागली, एकेक.

मला ओरडता येत नाही, हे खरं. पण मला पुसट उमटता आलं असतं. जरा अंग चोरलं असतं, एका कडेने कच खाल्ली असती, तरी दोनदांनी सवयीने पुन्हा पाहिलं असतं. पूर्वी नुसत्या निष्काळजीपणाने कितीतरी वेळा तसा उमटलो होतो. त्या दिवशी मात्र तसं केलं नाही. साहेब दारात उभे होते ना! मी जन्मात उमटलो नसेन इतका स्वच्छ उमटलो. ‘सप्रेम भेट’. तिन्ही प्रतींवर.

ते जाणूनबुजून होतं का? मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. कधी वाटतं, शिक्का बिचारा काय करणार. पण ती अक्षरं अंगाला लागली होती, हे मी विसरू शकत नाही.

प्रदर्शन फार गाजलं. तिथल्या समारंभात कागदांची यादी वाचली गेली आणि नाकाड्याच्या नावापुढे ‘सप्रेम भेट’ ऐकून टाळ्या पडल्या. तिथल्या मंत्र्यांनी त्याला छातीशी धरलं. वर्तमानपत्रांत फोटो आला. पुढच्याच आठवड्यात करार झाला. नाकाड्या तिथल्या संग्रहालयात काचेच्या कपाटात गेला आणि दोन्ही देशांच्या मैत्रीची खूण झाला.

तो फोटो दोनदांनी टेबलावर पसरून पाहिला. मग कपाटातून आपल्याकडची प्रत काढली आणि पाहिली. पुन्हा पाहिली. त्या दिवशी त्यांच्या दोनदा बघण्याचा काही उपयोग नव्हता.

ते साहेबांकडे गेले. दार अर्धं उघडं होतं.

“साहेब, एक चूक झाली आहे.”

“कसली चूक?” साहेबांनी कागद पाहिला, आणि हळूच उलटा ठेवला. “भाऊसाहेब, दिलेली भेट परत मागायची? म्हणजे त्या देशाच्या तोंडावर मारल्यासारखंच. बंदरात चारशे माणसं कामाला लागायची आहेत. एका बाहुल्यासाठी त्यांना घरी बसवू?”

“पण त्या मावशी...”

“त्यांना मी स्वतः मानपत्र देतो. हुबेहूब दुसरा बाहुला करून देतो. ही चूक नाही, असं समजा. हे धोरण आहे.”

दोनदांनी कागद उचलला आणि परत कपाटात लावून ठेवला. त्यांचं चुकलं असं तुम्ही म्हणाल. पण मी कुठल्या तोंडाने म्हणू?

तीन महिन्यांनी मावशी आल्या. रिकामी पिशवी घेऊन आल्या होत्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, करार समजावून सांगितला आणि मानपत्र पुढे केलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

“माझा नाकाड्या एवढ्या कामाचा आहे, हे मला ठाऊकच नव्हतं,” त्या म्हणाल्या. “मी उगाच त्याला पोरांसमोर कोलांट्या मारायला लावत होते.” मग म्हणाल्या, “पण मी तर तीन महिन्यांच्या बोलीवर दिला होता. हो ना भाऊ?”

दोनदा फायलीत डोकं घालून म्हणाले, “कागदावर भेट म्हणूनच आहे, मावशी.”

त्या हुबेहूब बाहुल्याला मावशींनी एकदा दोऱ्या बांधून पाहिल्या. तो जडशीळ होता. मान खाली घालायलाच तयार होईना. त्यांनी तो परत आणून दिला. त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या अर्ज घेऊन येत, बाकावर बसत, टायपिस्टबाईंशी चार गोष्टी बोलत आणि जात. त्या आल्या की दोनदा लगबगीने तळमजल्यावर काहीतरी बघायला जात. टायपिस्टबाई एकदा म्हणाल्याच, “भाऊसाहेब, बाकी सगळं दोनदा बघता. त्या बाईंच्या तोंडाकडे एकदा तरी बघा.”

असे सोमवार किती गेले म्हणाल? सहा वर्षं गेली. मोठे साहेब बढती मिळून दुसरीकडे गेले. दोनदांच्या निवृत्तीला चार महिने उरले.

त्या सोमवारी मावशी आल्या, पण हातात अर्ज नव्हता. दोनदांना उठून जायची सवड मिळायच्या आत त्यांनी टेबलावर ती लाकडी फुली ठेवली. तिच्यावर नव्या दोऱ्या नीट गुंडाळलेल्या होत्या.

“हीसुद्धा तिकडे पाठवून द्या, भाऊ.”

“म्हणजे? का, मावशी?”

“माझे हात आता कापतात. आणि अर्धा तिकडे, अर्धा इकडे, असं किती दिवस ठेवायचं त्याला? फुलीवाचून उभं राहता येत नाही त्याला. सहा वर्षं नुसता बसून असेल. तिथे कुणाला येत असेल तर उभा तरी करतील.” मग त्यांनी स्टँडकडे बोट दाखवलं. “मारा तो भेटीचा शिक्का. या वेळी मी खरंच देतेय.”

दोनदांनी कागद पुढे ओढला. मला उचललं. शाईला टेकवलं. हात खाली येईना. मी मनात म्हणत होतो, नका. या कागदावर मला नका उमटवू.

त्यांनी मला टेबलावर आडवा ठेवला.

“मावशी, चूक माझी होती. घाईत मी चुकीचा शिक्का मारला. फोटो छापून आला त्याच दिवशी मला कळलं होतं. सहा वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो.”

टायपिस्टबाईंचं यंत्र थांबलं.

“दर सोमवारी मी यायचे,” मावशी म्हणाल्या, “तेव्हा तुम्ही खाली पळून जायचात. मला वाटायचं, या माणसाला माझा कंटाळा आलाय.”

“नाही हो.”

“कंटाळा आला असता तर बरं झालं असतं, भाऊ.” त्या उठल्या. फुली त्यांनी पिशवीत परत घातली. दारात वळून म्हणाल्या, “आता काय करणार आहात?”

दोनदांनी त्याच दिवशी, कुणालाही न विचारता, त्या संग्रहालयाच्या प्रमुखांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. काय झालं, कसं झालं, मधल्या वर्षांत आपण काय केलं नाही, सगळं. पुरावा म्हणून कोऱ्या कागदावर आम्हा दोघांचे ठसे शेजारी शेजारी उमटवून जोडले.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. चौकशी बसली. मैत्रीच्या करारावर शिंतोडे उडवले, असा ठपका आला. निवृत्तीच्या दिवशी ना हार, ना भाषण. टायपिस्टबाईंनी तेवढा चहा आणला आणि तो त्यांनी सावकाश, पूर्ण संपवला. मलाही चौकशीत पाकिटात घालून लाख लावली होती. सुटलो तेव्हा माझ्या जागी नवा शिक्का आला होता. मला खिडकीत कागद उडू नयेत म्हणून ठेवलं. उन्हाने रबर तडकलं, ते तिथेच.

आठ महिन्यांनी एक पेटी आली. नव्या साहेबांनी मावशींना बोलावलं, आणि कागदपत्रांची ओळख पटवायला दोनदांनाही. पेटी उघडली. नाकाड्या आत होता. काचेत उभा राहावा म्हणून त्याच्या पाठीत एक सळई घातलेली होती. रंग उडाला होता, एक दोरी तुटली होती.

मावशींनी सळई काढली. जमिनीवर बसून एकेक दोरी फुलीला बांधली. फुली वर उचलली, तर हात इतके कापत होते की नाकाड्याही थरथरू लागला. नाकाड्या म्हणून मुलांशी बोलताना मावशी जो आवाज काढत, तोही आता उरला नव्हता. मग दोनदा खाली बसले आणि त्यांनी मावशींच्या मनगटाला आधार दिला. नाकाड्या हळूहळू उठला. मान वळवून त्याने खोली पाहिली. टायपिस्टबाई एकदम म्हणाल्या, “अगंबाई, बघतोय!” आणि मावशी रडू लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

नवे साहेब पेटीबरोबरचा कागद चाळत होते. “पत्रात नुसता बाहुला पाठवल्याचंच लिहिलंय. कायमचा दिलाय, की परत करायचाय? शिक्का फार पुसट आहे. भाऊसाहेब, तुम्ही यातले जाणकार. बघा जरा.”

दोनदांनी चष्मा पुसला. कागद उजेडात धरला. मावशींनी रडणं थांबवून त्यांच्याकडे पाहिलं.

“वाचता येत नाही, साहेब.”

“पुन्हा एकदा बघा.”

“एकदा पुरे,” दोनदा म्हणाले. तो कागद त्यांनी खिडकीत आणून ठेवला आणि उडू नये म्हणून मला त्यावर ठेवलं.

मित्रांनो, माणसांना पुसट ठसा वाचता येत नाही, पण शिक्क्याला दुसऱ्या शिक्क्याचा ठसा वाचता येतो. त्या कागदावर काय होतं ते मला तडकलेल्या रबराखालीही लागलं. समुद्रापलीकडे कुणा टेबलावर माझ्यासारखाच कुणी होता, आणि ऐन वेळी त्याने अंग चोरलं होतं. किंवा त्याची नुसती शाईच संपली असेल कदाचित. मला ठाऊक नाही. पण जे मला जमलं नाही, ते त्याला जमलं. ते शब्द कोणते होते हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आणि तुम्हालाही सांगणार नाही. माझ्या गप्प राहण्यातली ही एकच वेळ अशी आहे, जिची मला लाज वाटत नाही.

एवढ्याने माझी सहा वर्षं फिटत नाहीत. ज्या मुलांना नाकाड्या दिसला नाही, ती आता मोठी झाली. माझं तुमच्यापाशी मागणं थोडंसंच आहे. उद्या तुमच्यातलं कुणी कचेरीत बसेल, कुणी देशाच्या नावाने भेटी देईल. जरूर द्या. पण द्यायच्या आधी त्या कागदाला एकदा हात लावून बघा. मागच्या बाजूने कुणाची तरी दाबून केलेली सही लागते का, ते बघा. आणि लागली, तर शिक्का खाली ठेवा आणि आधी चहा प्या.